मदत हवी आहे: गच्चीवरचा अँटेना, एसडब्ल्यूआर 3, डोकं उठलंय

गच्चीवाला: हॅम रेडिओची 5 वॅटची हँडी, हातात धरायचा वायरलेस सेट. गच्चीवर अँटेना जोडला, 145 मेगाहर्ट्झला मीटर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप, 1 म्हणजे उत्तम) 3 दाखवतोय. दांडी 49 सेंटीमीटर, मापात आहे. लवकर सांगा, उद्या पन्हाळ्यावरच्या मित्राशी बोलायचं ठरलंय.

खटपट्या: भावा, केबल कुठली? किती लांब? खाली रेडियल, म्हणजे दांडीच्या बुडाशी लावायच्या काड्या, हायत का? 'जोडला' एवढ्यावर काय सांगायचं, कपाळ?

गच्चीवाला: केबलचा काय संबंध? डिशची उरलेली होती, 6 मीटर. रेडियल चार, उद्यमनगरातून करून आणलेत, एकदम सरळ आडवे.

शाहूपुरीचे काका: केबलची भानगडच नको. हँडीच्या रबरी अँटेनाच्या बुडाला, कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला 49 सेंटीमीटर वायर बांध, शेपटीसारखी लोंबू दे. 2019 च्या पुरात मी तेवढ्यावर बोललोय.

खटपट्या: काका, त्यानं गच्चीचं विचारलंय, शेपटीचं नाही.

शाहूपुरीचे काका: हसू नकोस. हँडीची बॉडी आणि आपला हात हीच रबरी अँटेनाची जमीन (ग्राउंड). या बँडला ती अपुरी पडते.

जोतिबाभक्त: डोंगरावर जाऊन उभं राहा. समोर आडवं काही नसलं की बोटभर अँटेना बी पुरतो.

तारवाला: डिशची केबल 75 ओहमची, हँडीला 50 लागतात. सापडला चोर.

खटपट्या: अर्धाच सापडला. अँटेना 50 ओहमचा असता तर या केबलनं एसडब्ल्यूआर फार तर सव्वादोन दाखवला असता. आडव्या रेडियलला 36 ओहमच्या आसपास येतात. त्यात केबलची लांबी पाव तरंगलांबीच्या विषम पटीत (एकपट, तिप्पट, पाचपट) पडली की खाली 36 चे दीडशेच्या घरात दिसतात. म्हणजे 50 च्या तिप्पट, एसडब्ल्यूआर 3. रेडियल 45 अंशांत खाली वाकव, 50 च्या जवळ येतील.

तारवाला: तरी केबल बदलच. 50 ओहमची आरजी-58 घे, 6 मीटरला जेमतेम 1 डेसिबल जातं. पुढं मागं 15 मीटर ओढलीस तर मात्र निम्मी पॉवर तीच खाईल, परत येणारीही खाईल, म्हणून मीटर उलट खूश दिसेल, फसू नकोस.

नियमवाले: परवाना आहे ना? एएसओसी, म्हणजे हॅम परवान्याची परीक्षा, पास झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

गच्चीवाला: आहे हो! ते विचारलंय का मी?

गच्चीवाला: वाकवले. 1.8 वर आलं. केबल उद्या आणतो.

शाहूपुरीचे काका: शेपटी लावून बघितलीस का?