मशरूम-भाज्यांचं पोटभरीचं सूप पाणचट का होतंय?

शेवग्याची_शेंग:
चार जणांचं रात्रीचं जेवण होईल असं सूप हवंय. सध्याची पद्धत: कांदा-लसूण परतून गाजर, फरसबी, कोबी, टोमॅटो आणि 200 ग्रॅम बटण मशरूम एकदमच कुकरमध्ये, दीड लिटर पाणी, 3 शिट्ट्या. मग 2 चमचे कॉर्नफ्लोअर आणि अर्धा कप दूध. चव पाणचट, मशरूम रबरासारखे, रंग राखाडी, आणि दूध हमखास फाटतं. कॉर्नफ्लोअर वाढवलं की नुसतं चिकट होतं. चुकतंय कुठे?

तमालपत्र:
मशरूम कुकरमध्ये टाकता तिथेच. मशरूममध्ये 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आटून मशरूम तपकिरी झाल्याशिवाय चव येत नाही. पसरट कढई चांगली तापवा, 1 चमचा तेल घाला, जाडसर चकत्या दोन घाण्यांत परता. गर्दी केली की ते परतले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. पाणी सुटेल, आटेल, मग कडा लालसर होतील. 8-10 मिनिटं लागतात. मीठ तेव्हाच, आधी नाही. जास्त शिजतील म्हणून घाबरू नका, गळत नाहीत: मशरूमच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं आणि ते शिजून विरघळत नाही.

त्याच कढईत लोणी, 1 मोठा कांदा, 4 लसूण पाकळ्या, 2 गाजरं, 10-12 फरसबीच्या शेंगा, 1 तमालपत्र. कढईच्या तळाला चिकटलेलं अर्धा कप पाण्याने खरवडून घ्या. खरी चव तिथेच असते, आणि बहुतेक जण नेमकी तीच धुऊन टाकतात. एकूण पाणी 1 लिटर पुरे. कोबी शेवटची 5 मिनिटं. जास्त शिजला की गंधकाचा वास मारतो.

पोटभरीचं करायला 50 ग्रॅम पांढरी बार्ली तासभर भिजवून 2 कप पाण्यात 4-5 शिट्ट्या काढा आणि पाण्यासकट सुपात घाला. दाटपणा तिच्यातूनच येतो, कॉर्नफ्लोअर लागतच नाही.

मिरीदाणा:
वरच्यांशी सहमत, पण कॉर्नफ्लोअरला उगाच दोष नको. ते थंड पाण्यात कालवून शेवटी घालायचं आणि एक-दोन मिनिटं उकळायचं. आंबट सुपात बराच वेळ उकळत ठेवलं तर दाटपणा मोडतो. शेवग्याच्या शेंगेला बहुधा तेच भोवतंय.

दूध फाटतं ते टोमॅटोमुळे. एक तर टोमॅटो, नाही तर दूध. टोमॅटो ठेवायचा असेल तर दूध सोडा आणि सोया सॉसचा 1 चमचा घाला, मात्र मीठ हात राखून. दूध हवंच असेल तर टोमॅटो काढा, गॅस बंद करून गरम दूध ओता, परत उकळू नका. लिंबू वाडग्यात पिळा, पातेल्यात नको.

शिताके जातीचे सुके मशरूम मिळाले तर 10 ग्रॅम 1 कप गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. भिजवणाचं पाणी फडक्यातून गाळूनच घाला, तळाला रेती असते. त्यांचे देठ चिवट असतात, पाण्यात उकळून फेकायचे.

शेवग्याची_शेंग:
बार्ली मिळाली नाही तर? आणि मशरूम धुवायचे की पुसायचे? पावसाळ्यात बाजारात येणारी रानअळंबी चालेल का?

तमालपत्र:
बार्लीऐवजी 1 बटाटा किसून भाज्यांबरोबर शिजवा, किंवा मूठभर मसूर डाळ. ओट्स घातले तर शेवटी 5 मिनिटं, नाही तर खळ होते. मशरूम धुवा, फक्त भिजत ठेवू नका आणि चिरण्याआधी कोरडे करा.

रानअळंबी ओळखणाऱ्या माणसाकडचीच, आणि शंका असेल तर नाहीच. काही विषारी जातींचं विष उकळूनही जात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का बघणं वगैरे भाकड आहे.

मिरीदाणा:
उरलं तर दुसऱ्या दिवशी बार्ली फुगून सुपाची खीर झालेली दिसेल. कपभर गरम पाणी घालून मीठ पुन्हा चाखा.