पाहुण्याची तक्रार आणि हॉटेलचे पाणी

पंपघर (धागाकर्ता)

पुण्यातील एका निवासी हॉटेलच्या देखभाल विभागात मी २२ वर्षे नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. हॉटेल व्यवसायाने पाणी, वीज आणि अन्न जपून वापरावे, असा विषय निघाला की लोक मालकाकडे किंवा महापालिकेकडे बोट दाखवतात. पाहुण्याचा उल्लेख झालाच, तर तो टॉवेल पुन्हा वापरण्याच्या चिठ्ठीपाशी थांबतो. माझे म्हणणे असे आहे की हॉटेलच्या कारभारावर पाहुण्याची सत्ता फार मोठी आहे आणि आज ती जवळजवळ सगळी उधळपट्टीच्या पारड्यात पडते.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. आमच्या इमारतीत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प होता. न्हाणीघरांचे आणि लॉन्ड्रीचे पाणी शुद्ध करून ते बागेला, वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरला आणि खोल्यांमधील फ्लशच्या टाक्यांना द्यायचे, अशी मूळ योजना होती आणि त्यासाठी बांधकामाच्या वेळीच वेगळी नळवाहिनी टाकलेली होती. असे पाणी नीट शुद्ध झाले तर त्याला वास येत नाही, मात्र कधी कधी फिकट पिवळसर छटा राहते. एका उन्हाळ्यात तीन-चार पाहुण्यांनी कमोडमधील पाणी घाण असल्याची तक्रार नोंदवली, त्यांतील एकाने छायाचित्रासह ती इंटरनेटवर टाकली, आणि त्याच आठवड्याच्या बैठकीत फ्लशला ताजे पाणी जोडण्याचा आदेश निघाला. झडपा फिरवायला मला दहा मिनिटे लागली. मी निवृत्त होईपर्यंत त्या पुन्हा उलट फिरल्या नाहीत. शहरात पाणीकपात चालू असताना आम्ही एका फाटकातून टँकर आत घेत होतो आणि बागेला पुरून उरलेले शुद्ध पाणी मागच्या बाजूने नाल्यात सोडत होतो.

सकाळच्या नाश्त्याच्या बुफेचेही तसेच आहे. साडेदहाला बुफे बंद होणार असला तरी सव्वादहाला आलेल्या पाहुण्याला उपम्याचे भांडे अर्धे दिसले की तो नाराज होतो, म्हणून ते भांडे सव्वादहाला पुन्हा भरले जाते आणि पंधरा मिनिटांनी त्यातले बहुतेक ओल्या कचऱ्यात जाते.

‘तुम्ही फ्लशला शुद्ध केलेले सांडपाणी वापरता, हे पाहून बरे वाटले’ असे वाक्य अभिप्रायाच्या वहीत मला २२ वर्षांत एकदाही वाचायला मिळाले नाही. ते चार वेळा जरी लिहिले गेले असते, तरी त्या बैठकीत मला बोलायला आधार मिळाला असता.

कोथरूडचा प्रवासी

धागाकर्त्यांच्या अनुभवाविषयी आदर राखून मी या मांडणीला विरोध करतो. कामानिमित्त महिन्यातील आठ-दहा रात्री मी हॉटेलांत काढतो. ज्या खोलीसाठी आपण सहा-सात हजार रुपये मोजतो तिथे पिवळसर पाणी दिसल्यावर पाहुण्याने ते शुद्ध आहे की अशुद्ध, हे ओळखायचे कसे? टाकीवर एक ओळीची सूचना चिकटवली असती, किंवा गाळणीचा आणखी एक टप्पा बसवून रंग घालवला असता, तर तक्रार आलीच नसती. व्यवस्थापनाने या दोन्ही गोष्टी टाळून सर्वांत सोपा मार्ग निवडला आणि आता त्याचे खापर पाहुण्याच्या डोक्यावर फोडले जात आहे.

पर्यावरणाच्या नावाखाली पाहुण्याला उपदेश करण्याची खोड हॉटेल व्यवसायाला जुनी आहे. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने १९८६ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ (पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा) हा शब्द वापरला, तो हॉटेलातील टॉवेलच्या चिठ्ठ्यांवर लिहितानाच. पाहुण्याला निसर्गाची आठवण करून द्यायची, धुलाईचा खर्च वाचवायचा आणि बाकीचा कारभार आहे तसाच चालू ठेवायचा, हा त्याचा आक्षेप होता. चाळीस वर्षांनंतरही ती चिठ्ठी आहे तशीच पलंगाशेजारी उभी असते. वाचलेल्या पैशांतून पाहुण्याचे बिल कमी झाल्याचे मी आजवर पाहिलेले नाही.

खरा बदल नियमाने होतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा थर्माकोलच्या ताटल्या आणि पातळ पिशव्या कुणा पाहुण्याच्या आग्रहाने हटल्या नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हॉटेलांना कचरा जागच्या जागी वेगळा करण्याचे बंधन घातले, आणि दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले. अशा नियमांची अंमलबजावणी कसून होते का, हे विचारायला हवे. शहराच्या कचऱ्याखाली वर्षानुवर्षे राहिलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी तो प्रश्न रस्त्यावर उतरून विचारला आहे. आपण मात्र पाहुण्याच्या अभिप्रायाच्या वहीत अडकलो आहोत.

पाट-पाणी

मी जेवणाचे हॉटेल चालवतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा निराळा आहे. (पुण्यात ‘हॉटेल’ म्हटले की आधी खाणेच आठवते, म्हणून हा प्रतिसाद विषयाबाहेरचा मानू नये.)

२०१८ च्या शेवटी, पाऊस कमी झाल्यामुळे पाणीकपातीची चर्चा सुरू झाली, तेव्हा शहरातील हॉटेलचालकांच्या संघटनेने ग्राहकाला अर्धाच पेला पाणी देण्याचे आवाहन केले होते. आम्हीही ते लगेच सुरू केले. कारण साधे होते. टेबल आवरताना प्रत्येक पेल्यात तळाशी राहिलेले पाणी मोरीत ओतावे लागते, आणि ते आधीच गाळलेले, पिण्याचे पाणी असते. पण पहिल्या पंधरवड्यात माझ्या वाढप्यांनी जे ऐकून घेतले ते विसरण्यासारखे नाही. आपल्याकडे पाहुण्यासमोर पाण्याने भरलेला तांब्या ठेवण्याची रीत आहे, आणि अर्धा पेला पाहून ज्येष्ठ ग्राहकांना तो अपमान वाटला. एका आजोबांनी ‘एवढी टंचाई असेल तर हॉटेल बंद ठेवा’ असे सुनावले.

आम्ही मागे हटलो नाही. वाढप्यांना इतकेच शिकवले की अर्धा पेला ठेवतानाच ‘आणखी लागले तर लगेच देतो’ असे म्हणायचे आणि पेला रिकामा होताना स्वतःहून जवळ जायचे. महिन्याभरात तक्रारी जवळजवळ थांबल्या, आणि ती पद्धत माझ्याकडे आजही चालू आहे. म्हणून मला प्रवासी यांचे अर्धेच पटते. व्यवस्थापनाने कच खाल्ली, हे खरे. परंतु पाहुण्याचा राग किती झोंबतो, हे गल्ल्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

चौथा मजला

या चर्चेत खोली आवरणारी बाई अजून कुठेच आलेली नाही, म्हणून लिहिते. मी अकरा वर्षे हाउसकीपिंगमध्ये आहे, आधी खोल्या आवरत होते, आता मजल्यावर देखरेख करते.

‘आज खोली आवरू नका’ असे पाहुण्याने कळवले की पाणी आणि साबण वाचतो, हे मान्य. पण आमच्याकडील बहुतेक मुली कंत्राटी आहेत. खोल्या कमी निघाल्या की पुढच्या आठवड्यात दोन मुलींना बोलावणे येत नाही. ज्यांना बोलावले जाते त्यांना तीन-चार दिवस न आवरलेली खोली नेहमीच्याच वेळेत उरकावी लागते. स्नानगृहातील साचलेला थर काढायला दुप्पट वेळ लागतो आणि अधिक तीव्र रसायन वापरावे लागते, म्हणजे जे वाचवले त्यातले काही तिथेच खर्च होते. हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत मॅरियटच्या हॉटेलांतील कामगारांनी संप केला, तेव्हा पर्यावरणाच्या नावाने खोली न आवरण्याची योजना आपल्या कामाचे तास खाते, ही त्यांचीही तक्रार होती.

टॉवेल आणि चादर दिवसाआड बदलायला आमचा विरोध नाही, कारण त्यात खोली रोज आवरली जातेच आणि फक्त लॉन्ड्रीचा भार उतरतो. टँकरचे पाणी जड असेल तर त्यात धुलाईची पावडर जास्त लागते आणि पांढरे कापड लवकर करडे पडते, त्यामुळे ही बचत दिसते त्याहून मोठी आहे. पाहुण्यांना एवढेच सांगणे आहे की टॉवेल दांडीवर टांगलेला असला तर आम्हाला तुमची इच्छा कळते. ओला टॉवेल पलंगावर टाकून ‘मी पर्यावरण जपतो’ असे म्हटल्यास चादरही धुवावी लागते.

आकडेमोड

पाहुणा बदलतो का, या प्रश्नावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतील गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पर्यावरणाचे नेहमीचे आवाहन वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. चिठ्ठीवर ‘बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिल्यावर ते प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले, आणि पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहून गेलेल्या’ पाहुण्यांचा दाखला दिल्यावर ४९ टक्क्यांवर. जर्मनीत मात्र तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा परिणाम दिसला नाही, कारण तिथे मुळातच बहुतेक लोक टॉवेल पुन्हा वापरत होते. म्हणजे एका देशातील चिठ्ठी दुसरीकडे तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो नॉर्वेतील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेला निष्कर्ष. बुफेवरील ताटल्यांचा आकार लहान केल्यावर हॉटेलांतील वाया जाणारे अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटले. तिथे पाहुण्याला काहीही समजावून सांगावे लागले नाही. धागाकर्त्यांच्या हॉटेलात सव्वादहाला मोठ्या भांड्याऐवजी छोटे भांडे मांडले असते, तर ते भरलेलेही दिसले असते आणि उपमाही वाचला असता.

पंपघर (धागाकर्ता)

छोट्या भांड्याची सूचना आमच्या मुख्य आचाऱ्यांनी केली होती. महागड्या हॉटेलला ते शोभत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. माझा मुद्दा तिथेच आहे, कारण काय शोभते आणि काय नाही हे शेवटी पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरवले जाते.

चौथा मजला ताईंनी लिहिले ते मला माझ्या खात्यात राहून कधी दिसले नाही. पाहुण्याने खोली आवरू न देण्याला मी आतापर्यंत निव्वळ बचत समजत होतो, ते मी मागे घेतो. प्रवासी यांची सूचना-फलकाची गोष्टही बरोबर आहे. तो लावण्याचा प्रस्ताव मी लेखी द्यायला हवा होता, तो दिला नाही, ही माझी चूक आहे.

परंतु केवळ नियमाने काम होते, हे मला मान्य नाही. आमचा प्रकल्प नियमाप्रमाणे बांधलेला होता, तपासणीत चालूही दिसत होता. त्यातून निघालेले पाणी कुठे जाते, हे कुणी पाहत नव्हते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्यावर हे शहर व खालची शेती दोन्ही अवलंबून आहेत. दौंड-इंदापूरच्या शेतीसाठी कालव्यातून सोडायच्या आवर्तनावरून दरवर्षी वाद होतात, आणि आम्ही तेच पाणी कमोडमध्ये ओतत होतो.

कोथरूडचा प्रवासी

माझे मत मी बदललेले नाही. एकट्यादुकट्या पाहुण्याच्या सद्भावनेवर शहराचे पाणी सोपवू नये. तरीही एक गोष्ट सुचते. हिंजवडी आणि खराडीतील कंपन्या वर्षभराच्या खोल्यांचे दर हॉटेलांशी आधीच ठरवतात, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत पुण्यातील अनेक हॉटेले त्या खोल्यांवरच चालतात. माझ्या कंपनीच्या प्रवास विभागाची ती बोलणी लवकरच सुरू होतील. तो पाहुणा एकटा नसतो, त्याच्यामागे हजारो रात्रींचे बिल असते. तिथे कोणते प्रश्न विचारावेत, हे पंपघर यांनी सांगावे. ते मी लेखी पुढे देईन.

पंपघर (धागाकर्ता)

चार प्रश्न पुरेसे आहेत. शुद्ध केलेल्या पाण्याला वेगळा मीटर आहे का, आणि गेल्या बारा महिन्यांचे त्याचे आकडे दाखवता येतील का? फ्लशला कोणते पाणी जाते? महिन्याला किती टँकर येतात? आणि ताईंचा मुद्दा धरून, खोली न आवरण्याची योजना असल्यास कंत्राटी कर्मचाऱ्यांचे दिवस कापले जातात का?

पहिल्या प्रश्नाला ‘मीटर आहे, पण नोंद ठेवत नाही’ असे उत्तर आले, तर देखभाल विभागातील माणसाला बैठकीत बोलवायला सांगा. त्याला सगळे ठाऊक असते.