मतदानाचा हक्क मूलभूत हक्कांत घातला, तर यादीतून नाव जाणे थांबेल का?

दांडियाबाजारकर (बडोदे) यांचा प्रश्न

७ मे २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानासाठी मी आईला घेऊन केंद्रावर गेलो. वडिलांना जाऊन पाच वर्षे झाली होती, तरी यादीत त्यांचे नाव छायाचित्रासह जसेच्या तसे होते. आईच्या चौकटीवर मात्र नाव रद्द झाल्याचा आडवा शिक्का होता. वडिलांचे नाव काढावे म्हणून भावाने अर्ज दिला होता, त्यात अदलाबदल झाली असावी. आईने ओळखपत्र पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. मतदान हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, असे वाचनात आले. घटनादुरुस्तीने तो तसा केला, तर अशा प्रकारांना आळा बसेल का?

रावपुऱ्याचे वकील

१९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीने प्रौढ मताधिकार हक्कांच्या मसुद्यात घेतला होता. सल्लागार समितीने तो तेथून काढला आणि पुढे तो अनुच्छेद ३२६ म्हणून निवडणुकीच्या भागात आला. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय मतदानाला कायद्याने दिलेला हक्क म्हणत आले आहे. २००३ मध्ये एका न्यायमूर्तींनी तो निदान घटनात्मक हक्क आहे असे म्हटले आणि २०२३ मध्ये न्या. अजय रस्तोगी यांनी स्वतंत्र निकालपत्रात त्याला मूलभूत म्हटले, परंतु ते बहुमताचे मत नव्हते.

आपल्या आईंचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अनुच्छेद ३२९ मुळे निवडणूक चालू असताना न्यायालये हात घालत नाहीत. त्यामुळे हक्क मूलभूत असता, तरी त्या दिवशी केंद्रावरून आपण तसेच परतला असता.

निवृत्त मास्तर, माजी बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी)

वकीलसाहेबांशी मी सहमत आहे, पण घटनादुरुस्ती निरर्थक आहे असे मला वाटत नाही. ती कोठे करायची, हा प्रश्न आहे. अनुच्छेद ३२६ नीट वाचा : तो नागरिकाला मत देण्याचा नव्हे, तर मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क देतो. म्हणजे सारे काही यादीवर येऊन ठेपते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पत्ता बदलल्याच्या कारणाने नाव काढायचे असेल, तर आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. मृत्यूच्या कारणासाठी ती अट नाही. मेलेल्याला नोटीस कोण बजावणार, हे वरकरणी पटते. पण जिवंत माणसाच्या नावापुढे चुकून 'मयत' लागले, तर ते त्याला थेट केंद्रावरच कळते. घरी जाऊन खात्री केल्याशिवाय आणि कुटुंबाला लेखी कळवल्याशिवाय कोणतेही नाव काढू नये, एवढे एक वाक्य ३२६ मध्ये आले, तर मला ते घटनेच्या तिसऱ्या भागातील, म्हणजे मूलभूत हक्कांतील स्थानापेक्षा मोलाचे वाटेल.

मांजलपूरची वाचक

मास्तरांची सूचना योग्य आहे, पण अनुच्छेद ३२६ लोकसभा आणि विधानसभेपुरताच आहे. आपल्या महानगरपालिकेची निवडणूक राज्याच्या कायद्याने होते, तेव्हा ते वाक्य तेथे लागू होईलच असे नाही. शिवाय याच गुजरातेत २००९ मध्ये स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक मंजूर झाले, त्याला २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नाव यादीत राहील याची हमी नसताना मत दिले नाही म्हणून दंड करू पाहणारा कायदा मला तेव्हाही उफराटा वाटला होता.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. नमुना ६ भरून आईचे नाव पुन्हा नोंदवले आहे. वडिलांचे नाव अद्याप यादीत आहे. ते काढण्यासाठी नमुना ७ परत द्यावा, असे भाऊ म्हणतो, आणि आई त्याला तो अर्ज हातात घेऊ देत नाही.