स्लॅबवरच्या माणसाला ऊन लागलंय, कोणती गोळी देऊ? (तातडीचं)

सेंटरिंग_चंद्रपूर: साइटवर एकाला गरगरतंय, दोन उलट्या झाल्या. लिंबूपाणी पोटात टिकत नाही. मेडिकलमधून काय आणू? लवकर सांगा.

परिचारिका४२: गोळीचं नंतर. वय? अंग किती तापलंय? नाव, गाव नीट सांगतो का? रोजची औषधं?

सेंटरिंग_चंद्रपूर: ४५च्या आसपास. बीपीची गोळी चालू आहे. अंगाला हात लावला की चटका बसतो, बोलणं भलतंच. घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही ना?

परिचारिका४२: उष्माघातच धरा. अंगमेहनतीत ऊन लागलं तर घाम चालूच राहू शकतो. अंग भट्टीसारखं आणि बोलणं असंबद्ध, एवढं पुरे. १०८ लावा. पाजणं बंद करा, पाणी श्वासनलिकेत जाईल.

वऱ्हाडी: गार पाणी ओतू नका, सर्द-गरम होतं. तळपायाला कांद्याचा रस चोळा.

परिचारिका४२: कांद्यानं शरीराचं तापमान उतरत नाही, वेळ मात्र जातो. गाडी येईपर्यंत अंग गार करायचंच. सावलीत न्या, कपडे उतरवा, क्युरिंगची, म्हणजे स्लॅबवर पाणी मारायची, नळी लावा. नळीतलं पहिलं पाणी उन्हानं तापलेलं असतं, ते सोडून द्या. भिजवत राहा आणि पुठ्ठ्यानं जोरात वारा घाला. बर्फ फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. उलटी आली तर कुशीवर वळवा.

गोवेकर: पॅरासिटामॉल दिली तर?

परिचारिका४२: नाही. हा जंतूंचा ताप नव्हे, गोळीनं उतरत नाही. यकृतावर भार तेवढा वाढतो.

कोकणी_माणूस: रत्नागिरीला कूलर काहीच गारवा देत नाही, पॅड बदलू का?

वऱ्हाडी: पॅडचा दोष नाही. दमट हवेत पाणी उडत नाही. वेगळा धागा काढा.

सेंटरिंग_चंद्रपूर: गाडीतून नेलं. अजून १२ जण वर आहेत. त्यांना ओआरएस ग्लासात देऊ?

परिचारिका४२: मोठं पाकीट आख्खं १ लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ फार होतं. पाकीट नसेल तर १ लिटरला ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तो माणूस कामावर कितव्या दिवशी होता?

सेंटरिंग_चंद्रपूर: तिसऱ्या. गावाहून नवीन आलेला.

परिचारिका४२: हे आधी सांगायला हवं होतं! शरीराला ऊन सोसायला १-२ आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचवा हिस्सा, मग रोज तेवढंच वाढवा. १२ ते ४ स्लॅब बंद. दर २० मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान नसली तरी. लघवी गडद पिवळी झाली की त्याला खाली उतरवा. आणि माठ वर, हिरव्या नेटच्या सावलीत ठेवा. खाली ठेवला तर पाण्यासाठी कुणी शिडी उतरत नाही.