विषय: गावच्या मंडळीसाठी ख्रिस्ती पुस्तकं – निवड कशी करायची

कडून: दारव्हेकर (ग्रंथ समिती)

सर्वांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

परदेशातल्या आपल्या मंडळाकडून नाताळाआधी वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीला (चर्चला) पुस्तकांचा संच द्यायचं आपलं ठरलं आहे. चाळीसेक घरं आहेत, बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) तीन गावं आहेत आणि शब्बाथशाळेत (लेकरांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) पंचवीसेक लेकरं येतात. आतापर्यंत आपल्या ईमेल लिस्टवर आलेल्या सूचनांत बहुतेक पुस्तकं इंग्रजी आहेत, आणि मराठी नावं सुचवली आहेत ती कशावरून, हे कुणी लिहिलेलं नाही. वाशीमकर काका, परतवाडेकर ताई, नागपूरकर दादा, तुम्ही तिघं या विषयातले जाणकार. नुसती यादी नको, निवड कशी करायची तेच सविस्तर लिहा.

---

कडून: वाशीमकर

दारव्हेकर ताई, इंग्रजी यादी बाजूला ठेवा. पहिलं काम म्हणजे ती मंडळी कुठल्या परंपरेतली (चर्च-पंथातली) आहे ते पाळकसाहेबांना विचारणं. विदर्भात एका तालुक्यातसुद्धा फरक पडतो. वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन, अकोला-खामगावकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, नागपूरकडे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), आणि कॅथलिक सगळीकडेच. सीएनआयची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्यात एकत्र आल्या, म्हणून तिथे बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा असे दोन्ही चालतात. सगळ्या मंडळ्यांत तसं नाही. नाझरीन शिकवणुकीत पवित्रीकरणावर (विश्वासणाऱ्याचं जीवन पवित्र होण्यावर) भर असतो. बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याची दानं आणि शेवटचा काळ या तीन विषयांवरचं पुस्तक पाळकांना दाखवल्याशिवाय पाठवू नका. वाद लागतो तो याच तीन विषयांवर, आणि तो निस्तरायला आपण तिथे नसतो.

कॅथलिक घरासाठी बायबल घेत असाल तर त्यात ७३ पुस्तकं हवीत. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ असतात. अनुक्रमणिकेत तोबीत आणि मक्काबी आहेत का, एवढं पाहिलं की लगेच कळतं.

आता बायबल कोणतं. बायबल सोसायटीचं जुनं आर. व्ही. भाषांतर बहुतेक मंडळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे आणि प्रेतक्रियेच्या वेळी सगळे एका सुरात म्हणतात. तिथे दुसरे शब्द आले तर सूर तुटतो. म्हणून व्यासपीठावर आर. व्ही. राहू द्या. घरात रोज वाचायला, आणि जो नुकता वाचायला शिकला आहे त्याला, सोप्या भाषेतलं भाषांतर द्या. दोन्ही एकाच मंडळीत सुखाने नांदतात, फक्त बायबल क्लासमध्ये एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या प्रतीत पाहायचं असा शिरस्ता पाळकांनी घालून द्यावा.

भाषांतर पारखायचं तर दोन उतारे काढा: लूक १५ आणि रोमकरांस ३:२१–२६. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला ते मोठ्यानं वाचायला सांगा. लूक १५ ही गोष्ट आहे, ती कुठल्याही भाषांतरात निभते. खरी परीक्षा रोमकरांसमध्ये. 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त' अशा शब्दांपाशी वाचणारा अडखळतो का, आणि वाचून झाल्यावर 'देवानं काय केलं?' याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत देतो का, ते पाहा. उत्तर आलं नाही तर त्या घराला ते बायबल एकटं देऊ नका, सोबत लहानसं अर्थविवरण द्या.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते शब्दसूचीवर, म्हणजे कुठला शब्द बायबलच्या कुठल्या वचनात आहे ते दाखवणाऱ्या पुस्तकावर. शब्दसूची कुठल्या तरी एका भाषांतरावर बेतलेली असते. आर. व्ही.ची शब्दसूची हातात आणि सोपी भाषा समोर असेल तर शोधलेला शब्द सापडतच नाही, आणि माणूस दोन दिवसांत ती कपाटात टाकतो. शब्दसूची आणि व्यासपीठावरचं बायबल जुळतंय याची खात्री करून मगच घ्या. मंडळीतले वडील (एल्डर) पाळकांच्या गैरहजेरीत संदेश देतात. त्यांना बहुखंडी भाष्य नको. एकखंडी भाष्य, बायबलचा शब्दकोश आणि भिंतीवर लावायचे दोन नकाशे (पौलाचे प्रवास, इस्राएलचे वंश) एवढं त्यांना खूप वर्षं पुरतं.

कुणी पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर सुचवलं आहे. ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, केडगावच्या मुक्ति मिशनमधून छापलं गेलं. एका बाईनं मूळ भाषा शिकून साध्या बायाबापड्यांसाठी केलेलं ते काम आहे आणि तरुण मुलींना ते आवर्जून सांगावं. पण उपासनेत वाचण्यासाठी त्याच्या प्रती मागवू नका, मंडळीच्या हातातल्या पाठाशी तो पाठ जुळत नाही.

'उपासना संगीत' हे गीतपुस्तक घेताना एकच दक्षता. व्यासपीठावरून गीताचा क्रमांक सांगितला जातो. मंडळीत आधीच असलेल्या प्रतीतल्या पाच-सहा गीतांचे क्रमांक फोनवर मागवून घ्या आणि नव्या आवृत्तीशी ताडून पाहा. जुळले तरच मागवा. म्हाताऱ्यांसाठी मोठ्या टाइपाची प्रत मिळत असेल तर तीच घ्या. संध्याकाळच्या घरप्रार्थनेत दिवा मंद असतो आणि मध्येच वीज जाते.

---

कडून: परतवाडेकर

काकांनी उपासनेचं लिहिलं, मी घराचं आणि लेकरांचं लिहिते.

कौटुंबिक उपासनेचं पुस्तक घेताना प्रत्येक दिवसाचा पाठ किती मिनिटांचा आहे ते मोजा. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका अंधार पडल्यावर घरी येतात, मग चूल. जेवणाआधी सात-आठ मिनिटं मिळाली तरी खूप. एक शास्त्रभाग, एक परिच्छेद, एक प्रश्न, एक ओळीची प्रार्थना असा पाठ टिकतो. दोन-दोन पानांचे पाठ पहिल्या आठवड्यातच बंद पडतात. पुस्तक घेणं परवडत नसेल तर गणित सोपं आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच अध्याय धरले तर ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतात, शनिवार-रविवार मोकळे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक. संपूर्ण बायबल १,१८९ अध्यायांचं आहे. रोज तीन आणि रविवारी पाच असं वाचलं तर वर्षात होतं, पण नवीन घराला हा बेत देऊ नका. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन बहुतेक थांबतात. आधी मार्कचं शुभवर्तमान द्या, १६ अध्यायांत संपतं.

लेकरांची पुस्तकं दुकानात उघडूनच घ्यावीत. पहिली-दुसरीसाठी एका पानावर तीन-चार ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, जोडाक्षरं कमी, अक्षर ठसठशीत. इंग्रजीवरून केलेल्या स्वस्त भाषांतरांत नावं घोटाळ्याची असतात. घरात 'मोशे' ऐकणाऱ्या लेकराला पुस्तकात 'मोझेस' भेटतो, 'योना'चा 'जोनाह' होतो. शब्बाथशाळेत शिकवलेलं आणि पुस्तकातलं एकच आहे हे त्याला उमगत नाही. म्हणून पाच नावं तपासा: मोशे, योना, यहोशवा, पेत्र, याकोब. ही बायबलप्रमाणे असतील तर भाषांतर करणाऱ्यानं काळजी घेतली आहे असं समजा. मेळघाटाकडच्या मंडळीला कधी पुस्तकं पाठवाल तेव्हा ध्यानात ठेवा की तिथल्या लेकरांची घरची भाषा कोरकू आहे, मराठी त्यांना शाळेत भेटते. तिथे मजकुरापेक्षा चित्रं बोलली पाहिजेत आणि शिक्षिकेसाठी वेगळं मार्गदर्शक पुस्तक हवं.

आता जे सगळ्यात जपून करायचं ते. आरोग्यदानावरची (प्रार्थनेनं आजार बरे होण्यावरची) पुस्तकं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, क्षयरोगही आहे. 'औषध घेणं म्हणजे अविश्वास' असं एक वाक्यही ज्या पुस्तकात असेल ते घेऊ नका, लेखक कितीही नावाजलेला असो. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार फार लांबतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला शिकवणारं आणि त्याच पानावर डॉक्टरांकडे जा म्हणणारं पुस्तक मिळतं, थोडं शोधावं लागतं. 'बी पेरा, शंभरपट मिळेल' म्हणत दानाचा हिशेब मांडणारी पुस्तकंही तशीच. ज्या घरावर सोसायटीचं कर्ज आहे, त्या घराला असं पुस्तक देणं हा अन्याय आहे.

शोकावरचं पुस्तक मात्र नक्की द्या. आपल्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेली घरं आहेत आणि तिथल्या विधवेला मंडळीतच कधी कधी कठोर शब्द ऐकावे लागतात. पुस्तक घेण्याआधी आत्महत्येबद्दल काय लिहिलं आहे ते पान शोधून वाचा. मेलेल्याचा न्याय करणारं असेल तर परत ठेवा. स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं (१३, ४२, ८८) जिथे मोकळेपणानं समजावली आहेत ते घ्या. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. त्याला बळेच गोड शेवट जोडणारा लेखक दुःखी माणसाच्या कामाचा नाही. आतल्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिकटवा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

एक पुस्तक नाव घेऊन सुचवते, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो नंतर, स्वतःच्या वाटेनं. नवरा विश्वासात आणि बायको नाही, किंवा उलट, अशी घरं गावोगाव आहेत. त्यांना उपदेशाच्या दहा पुस्तकांपेक्षा हे एक उपयोगी पडेल. महिला मंडळात मोठ्यानं वाचायलाही उत्तम, भाषा बोलल्यासारखी आहे.

---

कडून: नागपूरकर

ताईंच्या आणि काकांच्या मताशी सहमत. मी खरेदी आणि पोचवणीचं लिहितो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

इथून खोकी पाठवू नका. भारतात आयात पुस्तकांवर २०१९ पासून ५ टक्के सीमाशुल्क आहे आणि वाहतूक त्याहून महाग. त्याहून मोठी अडचण कायद्याची. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, म्हणजे एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात 'परदेशी स्रोत'. त्या मंडळीच्या ट्रस्टची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर आपल्याकडून पैसे घेता येत नाहीत, आणि वस्तूरूपातली देणगीही त्यातच मोडते. नोंदणी असेल तर पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या ठरावीक खात्यातच जातात. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले, ओसीआय कार्डवाले (मूळचे भारतीय पण आता परदेशी नागरिक), यांना मात्र ही सूट नाही. म्हणून पहिला प्रश्न पाळकसाहेबांना हाच, आणि उत्तर आल्यावर तिकडच्या सीएला विचारूनच पुढे. यात घाई केली तर त्रास मंडळीला होतो.

टपालखात्यानं १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. शैक्षणिक आणि धार्मिक छापील पुस्तकं त्यातून जातात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं, म्हणून हळू, पण ट्रॅकिंग आहे. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं, जाहिरात नको. मोठ्या टाइपाची बायबलं जड असतात, पाकीट बांधताना वजन करून पाहा, ५ किलोच्या वर जाऊ देऊ नका. पत्ता देवळाचा (चर्चचा) न देता पाळकांच्या घराचा द्या. आठवड्यात देऊळ बंद असेल तर पोस्टमन परत नेतो.

बांधणी पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या पुस्तकाची पाठ मऊ पडते आणि पानं गठ्ठ्यानं निघतात. पुस्तक मधोमध उघडा. पानांच्या घडीत दोरा दिसला तर शिवलेली बांधणी, ती घ्या. पावसाळ्यात बुरशी आणि वाळवी. लाकडी रॅक भिंतीला टेकवू नका. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, पायाखाली विटा, सर्वात खालचा कप्पा रिकामा. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं सावलीत उघडून वारा द्यायचा, थेट उन्हात नाही, कागद पिवळा पडतो.

आणि शीर्षकं कमी, प्रती जास्त. एकाच पुस्तकाच्या सहा प्रती असल्या तर सहा घरं एका वेळी वाचतात आणि रविवारी बोलतात. साठ वेगवेगळी पुस्तकं एकेकटी कपाटात राहतात. नोंदवहीत घराचं नाव, पुस्तक, नेल्याची तारीख असे तीनच रकाने, आणि वही पाळकांकडे न ठेवता तरुण संघातल्या एखाद्या मुलीकडे. पाळक तीन गावं फिरतात, किल्ली त्यांच्याच खिशात राहिली तर कपाट उघडत नाही.

---

कडून: दारव्हेकर (ग्रंथ समिती)

काका, ताई, दादा, मनापासून आभार. यावरून समितीनं असं धरलं आहे: व्यासपीठासाठी मोठ्या टाइपाची आर. व्ही. २, ज्या घरांत बायबल नाही त्यांच्यासाठी सोप्या भाषेतली १५, 'उपासना संगीत' २०, क्रमांक ताडून झाल्यावरच, आर. व्ही.ची शब्दसूची १, शब्दकोश १, एकखंडी भाष्य २, नकाशे २, कौटुंबिक उपासनेचं एकच पुस्तक, प्रती १०, लेकरांची ५ शीर्षकं, प्रत्येकी ५, शोकावरचं ४, 'स्मृतिचित्रे' ३.

पाळकसाहेबांना आज चार प्रश्न पाठवते: परंपरा कोणती, एफसीआरए नोंदणी आहे का, सध्याच्या गीतपुस्तकातल्या सहा गीतांचे क्रमांक, आणि किती घरांत आज बायबल नाही. शोकाच्या पुस्तकाची निवडलेली पानं फोटो काढून परतवाडेकर ताईंकडे जातील, त्यांनी होकार दिल्यावरच ऑर्डर. नागपूरकर दादा, दुकानात बांधणी पाहायला तुमच्या ओळखीचं कुणी जाऊ शकेल का, ते कळवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर गेली तर दिवाळीची गर्दी टाळून पाकिटं वेळेत पोचतील.