अनुभव धागा: एका अभ्यासाची पोरं, एका छताखाली

एकसारख्या पोरांनी एकत्र राहणं सोलापूरला नवीन नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं इथं वसतिगृह काढलं ते १९२५ मध्ये, शाळकरी मुलांसाठी. पुढं समाजासमाजाची बोर्डिंगं झाली. आता खोल्या अभ्यासक्रमावरून ठरतात, निदान पाटीवर तरी. तुम्ही असे राहिला असाल तर लिहा. गोडगोडच पाहिजे असं नाही.

पोलीस भरतीवाला, मूळ मंगळवेढा
आम्ही सहा जण, सगळे भरतीचे. पहाटे एकानं लाईट लावली की झोपायची सोयच नाही. "उठ की बे, सोळाशे मीटर तुझा काका पळणार का?" मैदानाचे ५० मार्क, लेखीचे १००. गोळा ७.२६ किलोचा, तो दाराला टेकून ठेवायचो. वाऱ्यानं दार आपटायचं नाही. एकटा असतो तर पहिल्याच थंडीत गावाकडं पळालो असतो. पण एकाचं नाव यादीत आलं आणि पाच जणांचं नाही, ती रात्र सहा जणांच्या खोलीत फार जड गेली. पेढा घ्यावा का नको, कुणाला कळेना.

बी. फार्मसी, शेवटचं वर्ष
चौघींत एकच पुस्तकांचा संच, पैसे वाचले. तोटा एवढाच, एकीला टेन्शन आलं की मजलाभर रडारड.

बार्शीची आई
'फक्त मेडिकलच्या मुली' अशी पाटी. फोनवर पहिला प्रश्न मात्र, "खाणं काय तुमचं?" आणि दुसरा आडनावाचा. पोरीचे मार्क शेवटपर्यंत विचारले नाहीत. आम्ही दुसरीकडं गेलो.

घरमालकीण, जुळे सोलापूर
वरचा मजला सगळा इंजिनिअरिंगच्या पोरांना दिला होता. शांत पोरं, तक्रार नाही. पण आपल्याकडं नळाला पाणी रोज कुठं येतं? नेमकं पेपरच्या आदल्या रात्री आलं. मोटर लावायला एक उठेना. टाकी कोरडी, आणि सकाळी सहाही जण बादल्या घेऊन माझ्या दारात, "काकू, जरा पाणी." आता एक लॉचा, एक नर्सिंगचा, दोघं बी.ए.चे ठेवलेत. कुणाची ना कुणाची सुट्टी असतेच.

भरतीवालाच परत
काकू, आमच्यात पाणी भरायला भांडणं व्हायची. बादल्या उचलणं पण व्यायामात धरायचो.