पेटंट असलेल्या वस्तूत सुधारणा केली तर ती विकता येते का? मदत हवी आहे

धारबंद
साधा बॉलकॉक हळूहळू बंद होतो. टाकी भरत आली की धार बारीक होते आणि पाणी तासन्‌तास ठिबकत राहतं. माझा बॉलकॉक पातळी गाठली की झटक्यात बंद होतो. आता कळलं की असलंच काहीतरी आधीच पेटंट झालंय. त्यात स्प्रिंग आहे, माझ्यात लोहचुंबक. मला पेटंट मिळेल का आणि माल विकता येईल का? साचे टाकायचे आहेत, लवकर सांगा.

खटपट्या
कुठल्या देशातलं पेटंट? तुम्ही विकणार कुठे? जगभर चालणारं एकच पेटंट नसतं. पीसीटीचा (आंतरराष्ट्रीय पेटंट कराराखालचा) अर्ज एक असला तरी मंजुरी प्रत्येक ठिकाणी वेगळी घ्यावी लागते. जिथे त्यांचं पेटंट नाही तिथे त्यांना अडवता येत नाही.

रेघोट्या
सोपा उपाय. आराखडा रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःलाच पाठवा, पाकीट फोडू नका. तारखेचा पुरावा तयार.

चौकस
@रेघोट्या, हा सल्ला कृपया देऊ नका, लोक यावर विसंबून राहतात. पाकिटाने कुठलाही हक्क मिळत नाही. आधी अर्ज करणारा पुढे, हाच नियम जवळपास सगळीकडे आहे. अमेरिकाही 2013 पासून त्यावर आली.
@धारबंद, तुमचे प्रश्न दोन आहेत. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, स्वतः वस्तू बनवण्याचा परवाना नव्हे. सुधारणेवर पेटंट मिळूनही मूळ पेटंटवाला तुम्हाला थांबवू शकतो. जेम्स वॉटचं तेच झालं. वाफेचं इंजिन त्याचं, पण क्रँक (पुढे-मागे गतीची गोल गती करणारा दांडा) वापरण्याचं पेटंट 1780 मध्ये पिकार्डने घेतलेलं, म्हणून त्याला दातेरी चाकांची वेगळी रचना काढावी लागली. तुम्ही म्हणताय त्या पेटंटचा पहिला क्लेम, म्हणजे कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य, इथे टाका.

धारबंद
सारांश वाचलाय, चित्रं सेम माझ्यासारखी आहेत. क्लेम असा: "फ्लोट, फ्लोटचा दांडा, दांड्याला जोडलेली स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या ताणाने बंद होणारी झडप." स्प्रिंग माझ्यातही आहे, पण ती फक्त वॉशर दाबून धरते.

चौकस
ही स्प्रिंग आधी सांगायला हवी होती! सारांश आणि चित्रं बाजूला ठेवा, हद्द क्लेमनेच ठरते. चारही घटक तुमच्यात असतील तर वर चुंबक लावूनही सुटका नाही. एक जरी नसेल तर शब्दशः उल्लंघन होत नाही. तुमची स्प्रिंग दांड्याला जोडलेली नाही, म्हणजे तिसरा घटक नाही.

खटपट्या
इतकं सोपं नाही. तेच काम त्याच पद्धतीने करून तोच परिणाम साधला, तर समतुल्य म्हणून कोर्ट उल्लंघन धरू शकतं. स्प्रिंगच्या जागी चुंबक हा अगदी त्यातलाच वाद.

चौकस
पद्धत तीच कुठे आहे? स्प्रिंग ताण साठवते, चुंबक ठरावीक ओढीपर्यंत धरतं आणि सोडतं. पण हे वकिलाकडून लेखी घ्या.

मुक्तछंद
पाणी वाचवणारी वस्तू सगळ्यांना खुली करा ना! व्होल्वोने 1959 चा तीन बिंदूंचा सीटबेल्ट सगळ्यांना वापरू दिला.

खटपट्या
त्यांनीही पेटंट आधी घेतलंच होतं. शिवाय धागाकर्त्याने हे विचारलेलंच नाही.
@धारबंद, देश अजून सांगितला नाहीत. त्या पेटंटच्या क्रमांकाच्या शेवटी काय आहे? आणि तुम्ही वस्तू कुठे दाखवली आहे का?

धारबंद
युरोपात विकायचंय. पेटंट युरोपियनच, शेवटी ए१. चालतानाचा व्हिडिओ काही महिन्यांपूर्वी टाकलाय, पण आतली रचना दिसत नाही. त्याचा काय संबंध?

चौकस
ए१ म्हणजे फक्त प्रसिद्ध झालेला अर्ज. साधारण 18 महिन्यांनी तो आपोआप छापला जातो. मंजूर झाल्यावर बी१ येतं आणि तोवर क्लेम अनेकदा आकसतात. युरोपियन पेटंट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये तो क्रमांक टाकून सद्यस्थिती पाहा. अर्ज सोडून दिलेला असेल तर अडवणारं कुणी नाही. मंजूर होऊन वार्षिक फी भरत राहिले, तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं.
व्हिडिओचा संबंध मोठा आहे. युरोपात स्वतःच उघड केलेल्या गोष्टीनेही नावीन्य जातं आणि मग पेटंट मिळत नाही, अमेरिकेसारखी वर्षभराची सवलत तिथे नाही. रचना खरंच दिसत नसेल तर वाचलात. चुंबकाचा भाग एकदाही फ्रेममध्ये आलेला नाही ना, ते थांबवत थांबवत तपासा. आणि अर्ज दाखल होईपर्यंत साचेवाल्याला गोपनीयतेचा करार केल्याशिवाय ड्रॉइंग देऊ नका.

धारबंद
ड्रॉइंग कालच मेल केलंय. करार आता केला तर चालेल?